गोलंदाजी तुझी, कप्तानी आमची

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नांदेडला एका मैदानावर मुलांच्या क्रिकेट संघाची निवड चालली होती. मी खेळाडू म्हणून गेलो नव्हतो, मित्राच्या सायकलवर डबल सीट बसून गेलो होतो. मित्र आमच्याच वस्तीतला. डाव्या हाताने फिरकी टाकायचा. त्या दिवशी त्याने नेटमध्ये सात-आठ जणांना चकवलं. निवड करणाऱ्या सरांच्या हातात एक लांबोडकी वही होती. तिच्यात रकाने आखलेले: फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण आणि सगळ्यात शेवटी "नेतृत्वगुण". उन्हात खुर्चीच्या मागे उभा राहून मी वहीत डोकावलो. मित्राच्या नावापुढे गोलंदाजीच्या रकान्यात त्या दिवसाचे सर्वांत जास्त गुण होते. नेतृत्वगुणाच्या रकान्यात शून्यही नव्हतं. नुसती आडवी रेघ होती.

सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला. "कप्तानीचा अनुभव आहे का?" तो म्हणाला, "नाही सर." विषय संपला.

वस्तीतल्या मॅचमध्ये कोण कुठे उभा राहील हे वर्षभर तोच ठरवत होता. पण त्याला "अनुभव" म्हणतात हे त्यालाही माहीत नव्हतं आणि सरांनाही तो मोजायचा नव्हता. मला ते सर दुष्ट होते असं म्हणायचं नाही. त्यांनी त्याला संघात घेतलं, पाठही थोपटली. प्रश्न त्या आडव्या रेघेचा आहे. कोण पुढे जाऊन चांगला गोलंदाज होईल हे ओळखायला त्यांनी त्याला दोन तास पळवलं. कोण पुढे जाऊन कप्तान होईल हे ओळखायला त्यांना दोन सेकंद पुरले. ते दोन सेकंद कुठून आले, याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. तो इतिहास पुण्याच्या क्लबात सुरू होतो, अमेरिकेत पोचतो आणि तिथून परत आपल्या मराठवाड्यात येतो.

पालवणकर बाळू हे नाव आता आपल्या लोकांना बऱ्यापैकी माहीत झालं आहे, पण बहुतेकांना एवढंच माहीत असतं की ते मोठे गोलंदाज होते. त्यांची खरी गोष्ट गोलंदाजीची नाही. चर्मकार समाजातला हा मुलगा, मूळ गाव कोकणातलं, बाप लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोळ फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये मिळाले. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज होता. त्याला सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. बाळू टाकू लागला. सांगतात की ग्रेग त्याला प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल आठ आणे द्यायचा. साहेबाने त्याच्याकडून शेकडो तास गोलंदाजी करून घेतली. पण बॅट? ती त्याच्या हातात कधी दिली नाही. चेंडू टाकणं हे श्रमाचं काम, बॅट धरणं हे साहेबाचं काम. कोणत्या कामाला कोणता माणूस, ही वाटणी साहेबाने आपल्याकडून शिकली की आपल्या वरच्यांनी साहेबाकडून, हा वाद निरर्थक आहे. दोघांचंही एकमत होतं एवढं खरं.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचं होतं. मग त्यांच्यात वाद झाला. या मुलाला घ्यायचं का? शेवटी घेतलं. घेतलं म्हणजे कसं? मैदानात सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावायचा, कारण चेंडूला विटाळ होत नाही. पण चहाच्या वेळी बाळूचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं. सामने जिंकल्यावर न्यायमूर्ती रानडे जाहीरपणे बोलले की ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे. टिळकांनीही त्याचं कौतुक केलं. कौतुकाला कोणाचीच हरकत नव्हती. आजही नसते.

प्लेगच्या काळात, 1896 च्या सुमारास, बाळू मुंबईला गेले. मुंबईत हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता आणि धाकटा भाऊ शिवरामही संघात होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्यांवर, नावाजलेल्या काउंट्यांविरुद्ध! कप्तान कोण होता? ज्याच्याकडे संस्थान होतं तो. महाराजांना तर दौऱ्याच्या बऱ्याच सामन्यांत खेळायलाही सवड झाली नाही. त्यांच्या नेतृत्वगुणाच्या रकान्यात मात्र कोणी रेघ ओढली नसणार.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या काळात तरुण भीमराव आंबेडकरांच्या मनात बाळूंबद्दल मोठा आदर होता. तो का होता हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्या देशात आपल्या माणसाला गुणवत्ता नसते असं धर्मग्रंथ सांगतात, तिथे 114 हा आकडा म्हणजे उत्तर होतं. पण ते अर्धंच उत्तर होतं, आणि खरा लढा पुढे आहे.

1910 ते 1920 या दहा वर्षांत हिंदू संघात बाळूंइतका ज्येष्ठ आणि यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. कप्तानपदासाठी दरवर्षी त्यांचं नाव निघायचं, दरवर्षी बाजूला पडायचं. 1913 मध्ये एम. डी. पै यांना कप्तान केलं. पै ब्राह्मण, पण माणूस प्रामाणिक. आपल्याच सत्काराच्या सभेत उठून ते म्हणाले की हा मान माझा मित्र बाळू याचा होता, तो माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहे. म्हणजे ज्याला पद मिळालं तोच सांगत होता की पद चुकीच्या माणसाला दिलंय. निवड समितीला ते ऐकू आलं नाही. समितीने कधी लिहून ठेवलं नाही की हा चर्मकार आहे म्हणून कप्तान नको. तसं लिहायची गरजच नसते. "संघ सांभाळता येईल का?" "सगळे ऐकतील का?" "संस्थेचं प्रतिनिधित्व करावं लागतं, भाषण करावं लागतं." असे प्रश्न पुरतात. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

तोवर तिसरा भाऊ विठ्ठल मोठा झाला होता. तो फलंदाज! चार भावांपैकी हा बॅट घेऊन आला, याचा अर्थ लक्षात घ्या. मोठ्या भावाला साहेबाने जी वस्तू हातात दिली नव्हती ती धाकट्याने घेतली आणि त्या काळातल्या देशी फलंदाजांत पहिल्या रांगेत जाऊन बसला. 1920 मध्ये चौरंगी स्पर्धेच्या वेळी पै आजारी पडले. ज्येष्ठतेने कप्तानपद विठ्ठलकडे यायला हवं होतं. ते त्याला डावलून कनिष्ठ खेळाडूकडे गेलं, आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढलं. वर्तमानपत्रांत गाजलं. लोक बोलू लागले. शेवटी अंतिम सामन्याला समिती नमली, भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले. आणि सामन्यात पै मुद्दाम थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंना संघाचं नेतृत्व करता यावं. दहा वर्षांची ज्येष्ठता आणि वाट्याला काय आलं? मित्राने मैदान सोडून दिलेली काही षटकं.

1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाला. त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी जिंकली, अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. विठ्ठलने पुढे "माझे क्रीडा-जीवन" नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, ते 1948 मध्ये आलं. आमच्या कार्यकर्त्यांनी ते शोधून वाचावं. आपल्याकडे खेळाडूचं आत्मचरित्र म्हणजे शतकांची यादी असा समज आहे, हे तसं नाही.

आता एक गोष्ट, जी टाळून पुढे गेलो तर वाचक मला माफ करणार नाहीत. हेच बाळू पुढे राजकारणात आले तेव्हा बाबासाहेबांच्या विरोधी गोटात उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मतं पडली. काही मित्र म्हणतात, मग त्यांचं कौतुक कशाला? मला हे पटत नाही. काँग्रेसला बाबासाहेबांसमोर उभं करायला माणूस हवा होता आणि तो 114 बळींचा हवा होता, हा हिशेब काँग्रेसचा होता. ज्या हिंदू समाजाने दहा वर्षं त्याला कप्तान केलं नाही, त्याच समाजाला आपल्या नेत्याविरुद्ध वापरायला तो चालला. त्याची राजकीय चूक चूकच आहे. पण मैदानावर त्याच्यावर झालेला अन्याय त्यामुळे न्याय ठरत नाही.

हे सगळं मुंबईत चाललं होतं तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या भागातल्या पोराला क्रिकेटची मोठी पायरी म्हणजे हैदराबाद. 1948 नंतर, आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, ती पायरी पुण्याकडे सरकली. म्हणजे निवड करणारे बदलले, पोराचा रात्रभराचा प्रवास तेवढाच राहिला.

इथून मी तुम्हाला अमेरिकेत नेतो. कारण "हा पोरगा पुढे काय होणार" हे ओळखण्याचा जगातला सर्वांत मोठा बाजार तिथे आहे, आणि त्या बाजाराचा इतिहास पाहिला की आपल्या सरांची वही नीट वाचता येते.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ. अंडाकृती चेंडू, अकरा-अकरा खेळाडू, धडकाधडकी. त्यात एक जागा असते क्वार्टरबॅकची. प्रत्येक चाल त्याच्या हातात चेंडू येऊन सुरू होते. समोरचे कसे उभे आहेत हे वाचायचं, आपल्या दहा जणांना सांगायचं आणि तीन-चार सेकंदांत ठरवायचं की चेंडू कोणाकडे फेकायचा. कबड्डीत चढाईला जाणारा आणि कोपरा सांभाळून सगळ्यांना ओरडून सांगणारा असे दोघे एकाच माणसात घातले तर जे होईल ते. तो संघाचा मेंदू समजला जातो. पैसाही त्यालाच सर्वांत जास्त.

महाविद्यालयात खेळणारी पोरं व्यावसायिक संघांत जातात ती "ड्राफ्ट"मधून. ही पद्धत 1936 पासून चालू आहे. आपल्या आयपीएलच्या लिलावासारखी बोली नसते. मागच्या वर्षी तळाला राहिलेला संघ पहिला उमेदवार निवडतो, मग त्याच्या वरचा, अशी फेरी. आज 32 संघ आणि सात फेऱ्या. (आयपीएलच्या पहिल्या वर्षी, 2008 मध्ये, 19 वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडेही असा ड्राफ्ट झाला होता. दिल्लीने आपल्याच गावचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवानला घेतलं होतं. ओळखणाऱ्यांची नजर ती ही!) ड्राफ्टच्या आधी पोरांना एका ठिकाणी बोलावून उंची मोजतात, पंजा मोजतात, 40 यार्ड पळवतात. आणि अनेक वर्षं एक बुद्धिमत्ता चाचणीही घ्यायचे, 12 मिनिटांत 50 प्रश्न. लातूरच्या क्लासमधली पोरं हे वाचून हसतील. 2022 पासून ती चाचणी बंद केली.

एवढं मोजून अंदाज बरोबर येतो का? 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी नावाचा क्वार्टरबॅक 199 व्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे 198 जण त्याच्याआधी बरे वाटले. त्याने पुढे सात वेळा अजिंक्यपद जिंकलं. 2007 मध्ये जामार्कस रसेल पहिल्याच क्रमांकावर उचलला गेला आणि तीन हंगामांत संपला. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी या निवडींचा हिशेब मांडला. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांत आधी निवडलेला खरोखर सरस निघण्याची शक्यता त्यांना जेमतेम 52 टक्के दिसली. नाणं उडवलं असतं तर 50 टक्के आलीच असती.

म्हणजे अंदाज बऱ्याचदा चुकतात, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भविष्य कोणालाच कळत नाही. माझा मुद्दा हा आहे की चुका सगळ्यांच्या बाबतीत सारख्या होत नव्हत्या. त्यांना दिशा होती.

1934 पासून 1945 पर्यंत त्या व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नंतर घेऊ लागले. पण कुठे? धावायला, चेंडू झेलायला, अडवायला. क्वार्टरबॅकची जागा सोडून. महाविद्यालयात क्वार्टरबॅक खेळलेल्या कृष्णवर्णीय पोराला व्यावसायिक संघात गेल्यावर सांगायचे, तुझे पाय फार चांगले आहेत, तू झेलणारा हो. ही शाबासकी ऐका नीट. "तुझी फिरकी फार चांगली आहे, तू टाकतच राहा." पूना क्लबची भाषा आणि ही भाषा एकच आहे. तिथल्या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1970 मध्येच मोजून दाखवलं की मैदानाच्या मध्यावरच्या, निर्णय घेण्याच्या जागा गोऱ्यांकडे आणि कडेच्या जागा काळ्यांकडे, अशी वाटणी सगळीकडे आहे. आपल्या गावाचा नकाशा आठवतोय का? मध्ये कोण आणि कडेला कोण?

1968 मध्ये डेन्व्हरच्या संघाचे क्वार्टरबॅक जखमी झाले आणि नाइलाजाने मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय पोराला संधी मिळाली. आधुनिक काळात व्यावसायिक सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पहिल्याच हंगामात त्याने 14 टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेची संधीच दिली नाही. तो दुसऱ्या संघात गेला, झेलणारा झाला आणि तिथेही नाव काढलं. लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? हा झेलणाराच आहे!

इथे थांबून त्या युक्तीकडे बघा. जागा द्यायची नाही, मग म्हणायचं अनुभव नाही. दुसऱ्या जागेवर यशस्वी झाला तर म्हणायचं, हीच त्याची जागा. अयशस्वी झाला तर म्हणायचं, याला कुठलीच जागा जमत नाही. तिन्ही दरवाजे एकाच खोलीत उघडतात.

वॉरन मून हे नाव लक्षात ठेवा. 1978 च्या जानेवारीत त्याने आपल्या विद्यापीठाला तिथली सर्वांत मानाची रोझ बाउल लढत जिंकून दिली आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षी ड्राफ्ट झाला. त्या काळी 12 फेऱ्या असायच्या. तीनशेच्या वर पोरं निवडली गेली, मूनचं नाव कोणीही घेतलं नाही. तो झेलणारा व्हायला तयार नव्हता. तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाला 1978 ते 1982 अशी सलग पाच वर्षं अजिंक्यपद मिळवून दिलं. मग 1984 मध्ये त्याच अमेरिकन लीगमधल्या संघांना त्याच्यासाठी पैशांच्या थैल्या घेऊन धावावं लागलं. 2006 मध्ये त्याला त्या खेळाच्या सर्वोच्च मानाच्या दालनात स्थान मिळालं. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. विठ्ठलची 1920 ची माघार आणि मूनचा हा नकार या दोन गोष्टी मला शेजारी ठेवाव्याशा वाटतात. दोघांनीही "मिळेल ते काम घे" हा सल्ला धुडकावला. आपल्या घरात हा सल्ला रोज दिला जातो, प्रेमानेच दिला जातो, म्हणून सांगतो.

त्याच 1978 च्या ड्राफ्टमध्ये डग विल्यम्स पहिल्या फेरीत सतराव्या क्रमांकावर निवडला गेला. तो ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा. हे महत्त्वाचं आहे. जिथे निवडणारा, शिकवणारा आणि खेळणारा सगळे आपले, तिथे पोराला झेलणारा हो म्हणणारं कोणी नव्हतं. तिथल्या एडी रॉबिन्सन या प्रशिक्षकाच्या हाताखालून जेम्स हॅरिस आला, ज्याने 1969 मध्ये बफेलो संघाचा हंगामातला पहिलाच सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला, आणि मग विल्यम्स आला. 31 जानेवारी 1988 रोजी विल्यम्स वॉशिंग्टनच्या संघाकडून अंतिम सामन्यात उतरला. एका पंधरा मिनिटांच्या सत्रात चार टचडाउन पास. सामना 42-10. सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय का काढलं असेल, हे मला कधी कधी विल्यम्सच्या गोष्टीतून जास्त स्पष्ट दिसतं.

संपलं का? 2018 मध्ये लमार जॅक्सन ड्राफ्टला आला. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार 2016 मध्येच मिळवलेला. तरीही संघबांधणीत नावाजलेले एक जुने गृहस्थ टीव्हीवर म्हणाले की याने झेलणारा व्हावं. चार क्वार्टरबॅक त्याच्याआधी गेले, तो बत्तिसावा. दुसऱ्याच हंगामात, 2019 मध्ये, तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, एकमताने. त्या गृहस्थांनी नंतर चूक कबूल केली. म्हणजे पै अमेरिकेतही असतात. 2023 च्या फेब्रुवारीत तिथल्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. लीग सुरू झाल्यापासून शतक उलटून गेल्यावर.

एक फरक मात्र आहे, आणि तो आपल्याला लाज आणणारा आहे. अमेरिकेत कोणत्या जागेवर किती काळे, किती गोरे, किती प्रशिक्षक, किती मालक, याची मोजणी दरवर्षी होते, छापून येते, त्यावर भांडणं होतात. आपल्याकडे क्रिकेट मंडळ खेळाडूंची जातवार मोजणी प्रसिद्ध करत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "खेळात जात आणू नका." पालवणकर बाळूंच्या मातीच्या भांड्यात जात कोणी आणली होती?

आता आपल्या घरी या. नांदेड-लातूरचा वाचक म्हणेल, आमच्याकडे तर गुणवत्ता म्हणजे परीक्षा. खरं आहे. लातूर पॅटर्नने एक गोष्ट निश्चित केली: खेड्यातल्या पोरालाही कळलं की 180 प्रश्न सोडवले की 720 पैकी गुण पडतात, आणि उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं. मी या पॅटर्नचा भक्त नाही. फीचे आकडे, खोल्यांची भाडी, पोरांची झोप, यांवर लिहायचं तर दुसरा लेख होईल. पण लेखी परीक्षेबद्दल आपली माणसं जो विश्वास बाळगतात त्याचं कारण मला समजतं. जिथे माणूस माणसाकडे बघून गुण देतो तिथे काय होतं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. लेखीला गुण भरभरून आणि तोंडीला आडवी रेघ, हा अनुभव आमच्या कितीतरी घरांत आहे. "नेतृत्वगुण" हा खेळातला तोंडी पेपर आहे.

मराठवाड्यातून देशपातळीवर गेलेल्या खेळाडूंकडे बघा. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे.  तो बारावीनंतर लष्करात गेला, पाचव्या महार बटालियनमध्ये, आणि तिथल्या शर्यतीत पळताना लोकांच्या लक्षात आला. 2023 च्या आशियाई स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. आपल्या नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव गोळा फेकते. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला देशाचा झेंडा तिच्या हातात होता. एकाला घड्याळाने मोजलं, एकीला टेपने. घड्याळाला आडनाव वाचता येत नाही. क्रिकेटमध्येही मराठवाड्याची पोरं जातायत, तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 च्या लिलावात चेन्नईने दीड कोटीला घेतलं, बीडचा सचिन धस 2024 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात 96 धावा करून गेला. आनंदच आहे. म्हणजे मराठवाड्याचं पोर म्हणून कोणी दार लावत नाही असं म्हणता येईल. पण मराठवाड्यातल्या वस्तीच्या पोराला कप्तान म्हणून कोणी बघतं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो वेगळा रकाना आहे.

1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, दोन्ही समाजांची स्थिती सारखी आहे हे सांगणारं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघून. आपण त्यांच्या कविता वाचल्या, त्यांची आंदोलनं अभ्यासली. त्यांचे खेळ मात्र आपण कधी पाहिले नाहीत, कारण नियम कळत नाहीत. नियम शिकायला एक रविवार लागतो. तरुण कार्यकर्त्यांनी तो द्यावा, मूनच्या गोष्टीसाठी तरी.

तो माझा मित्र त्या वर्षी संघात खेळला. बळी घेतले. पुढच्या वर्षी घरच्यांनी कामाला लावलं, सुटला. आता त्याचे केस पांढरे झालेत. दर एप्रिलला भीमजयंतीच्या निमित्ताने आमच्या भागात टेनिस चेंडूच्या मॅचेस होतात, माइकवर कोणीतरी मोठमोठ्याने धावते वर्णन करतं, मंडपात भाताचं पातेलं असतं. या वर्षीही तो खेळला. गोलंदाजी आता त्याला झेपत नाही, दोन षटकं टाकून थांबला. मग मिड-ऑफला उभा राहून त्याने सतरा-अठरा वर्षांच्या एका पोरीला चेंडू दिला. होय, पोरीला, आमच्या स्पर्धेत मुली खेळतात. तिने विचारलं, "काका, फील्ड कशी लावू?" तो म्हणाला, "तुझी ओव्हर आहे, तूच लाव." ती थोडा वेळ फलंदाजाच्या पायांकडे बघत राहिली, आणि मग हात वर करून तिने त्यालाच सीमारेषेवर पाठवलं.